नेट खिशात आहे, घरात कधी येणार?

मॅच शेवटच्या ओव्हरमध्ये आलेली असते. आपण मोबाइलवर बघत असतो. बोलर अजून रनअपवरच असतो आणि तेवढ्यात शेजारच्या घरातून ‘गेला, गेला!’ असा आरडाओरडा ऐकू येतो. शेजाऱ्यांकडे डिश आहे आणि आपल्याकडे स्ट्रीमिंग. त्यांनी पाहिलेली सिक्स आपल्यापर्यंत यायला दहा-वीस, कधी कधी तीस सेकंद लागतात. तरीही आपण फोन सोडत नाही. टीव्हीचा रिमोट बाबांकडे असतो किंवा आजीची मालिका चालू असते. आणि खरं सांगायचं तर आता सवयच झाली आहे.

इंटरनेटवरून व्हिडिओ बघणं भारतात सर्रास होईल का, हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी तावातावाने चर्चिला जायचा. फोनपुरतं त्याचं उत्तर मिळालं. २०१९ च्या वर्ल्ड कपमधली भारत-न्यूझीलंड सेमीफायनल हॉटस्टारवर एका क्षणी २ कोटी ५३ लाख जण बघत होते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या फायनलला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. आता प्रश्न पुढचा आहे. हेच व्हिडिओ घरातल्या ब्रॉडबँडवर, हॉलमधल्या टीव्हीवर, महिन्याच्या ठरलेल्या बिलात आणि डेटा मोजत न बसता सगळ्यांना बघता येतील का?

चौऱ्याण्णव कोटी आणि चार कोटी

‘ट्राय’ म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२४ संपताना देशात ब्रॉडबँडची सुमारे ९४ कोटी कनेक्शन्स होती. आकडा ऐकून छाती फुगते. पण त्यात आपला फोनही ‘ब्रॉडबँड’ म्हणून धरलेला आहे. वायरने आलेलं नेट वेगळं काढलं, तर ते चार कोटींच्या थोडंसंच वर भरतं. त्यातही दुकानं, ऑफिसं, क्लासेस आलेच. ‘बार्क’ने २०२० मध्ये देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे टीव्ही असलेल्या पाच घरांमागे जेमतेम एका घरात वायरचं नेट.

दुसरीकडे, २०२५ च्या सुरुवातीला केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या पाहणीत ८६ टक्के घरांत इंटरनेट असल्याचं दिसलं. मग खरं काय मानायचं? दोन्ही आकडे खरे आहेत. घरात नेट आहे, पण ते कुणाच्या तरी खिशात आहे. तो माणूस घराबाहेर पडला की नेटही त्याच्याबरोबर बाहेर पडतं. मागे राहतात आजी, शाळेतली बहीण आणि नेटची वाट बघणारा नवाकोरा स्मार्ट टीव्ही.

अमेरिकेत मे २०२५ मध्ये ‘नील्सन’च्या मोजणीत एक नवलाची गोष्ट घडली. टीव्हीच्या पडद्यावर लोक जेवढा वेळ घालवतात, त्यात स्ट्रीमिंगचा वाटा पहिल्यांदाच केबल आणि साध्या प्रक्षेपणाच्या एकत्रित वाट्यापेक्षा जास्त झाला. ही मोजणी टीव्हीच्या पडद्याची होती, फोनची नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं. तिथे घरात आधी टेलिफोनची वायर होती, मग केबलची आली, आणि त्याच वायरींतून नेट आलं. आपल्याकडे ऐन भरातही लँडलाइन फोन पाच कोटींच्या आसपासच होते. वायरचा टप्पा आपण ओलांडलाच नाही. त्यावरून उडी मारली.

धोरणाचे अंदाज दोनदा हुकले

म्हणून ‘आता होणारच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना थोडा इतिहास दाखवायला हवा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाचं लक्ष्य होतं, २०१० पर्यंत दोन कोटी कनेक्शन्स. तेव्हा २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हणत. आजच्या व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस लागतो. २०१० संपताना गाडी एक कोटी दहा लाखांच्या आसपास अडकली होती. पुढे २०१८ च्या डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत निम्म्या घरांत वायरचं ब्रॉडबँड पोहोचवायचं ठरवलं. तेही लक्ष्य फार दूर राहिलं.

अडचण तंत्रज्ञानाची नव्हती. वायर टाकायची तर रस्ता खोदावा लागतो, त्यासाठी नगरपालिकेची परवानगी लागते, सोसायटीची लागते आणि शेवटी घरमालकाची लागते. टॉवरचं तसं नाही. एक उभा केला की आसपासच्या हजारोंची सोय होते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, मार्च २०१७ पर्यंत जवळपास फुकट चाललं आणि देशाला व्हिडिओची चटक लागली. ती लागली पाच-सहा इंचांच्या पडद्यावर. कंपन्यांनीही तेच ओळखलं. जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने भारतात १९९ रुपयांचा फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन आणला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ रुपयांवर आणला. आशिया कप आणि वर्ल्ड कप हॉटस्टारने २०२३ मध्ये फुकट दाखवले, पण फक्त मोबाइलवर.

दीड जीबीचं गणित

आता थोडं गणित करू. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. इतर कंपन्यांचे दरही त्याच सुमारास वाढले. घरात चार फोन धरले तर चार रिचार्ज, म्हणजे २८ दिवसांचे १,१९६ रुपये. त्यात चौघांचा मिळून डेटा मिळतो १६८ जीबी. पण तो सलग वापरता येत नाही. रोजचा रोज संपवायचा, उरला तर रात्री बारा वाजता बुडतो.

याउलट जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन २०२० मध्ये आला तो ३९९ रुपयांना. १८ टक्के जीएसटी धरला तर ४७१ रुपये. त्याची महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी. म्हणजे चार फोनच्या मिळून डेटाच्या जवळपास वीसपट डेटा, निम्म्याहून कमी पैशात.

व्हिडिओच्या भाषेत बोलायचं तर साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण एक जीबी खातो, एचडी तीन जीबीपर्यंत आणि फोर-के सात जीबीपर्यंत. म्हणजे दीड जीबीत एचडीचा अर्धा तास. त्यानंतर एकतर क्वालिटी उतरवायची, नाहीतर मित्राकडे हॉटस्पॉट मागायचा.

इतकं स्वस्त असूनही घरोघरी ब्रॉडबँड का नाही? कारण फोनचं रिचार्ज टाळता येत नाही. ब्रॉडबँड घेतलं तर ते १,१९६ च्या जागी येत नाही, त्यांच्यावर ४७१ अधिक होऊन येतं. शिवाय रिचार्ज ज्याचं त्याचं असतं आणि ब्रॉडबँड घराचं. रिचार्ज आपण गुपचूप मारतो. ब्रॉडबँडसाठी घरात विषय काढावा लागतो आणि ‘फोनवर आहे ना नेट, अजून कशाला?’ या प्रश्नाला सामोरं जावं लागतं. मोबाइल माणूस विकत घेतो, ब्रॉडबँड कुटुंब विकत घेतं. अडलंय ते इथे.

एक वाट मात्र किलकिली झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला सांगितलं आणि जानेवारीत ते बाजारात आले. घरात वाय-फाय असेल तर दिवसभर घरीच असणाऱ्या आजी-आजोबांना रोज दीड जीबीचा पॅक कशाला हवा? असे एक-दोन पॅक उतरवले, तर ब्रॉडबँडचा खर्च बराचसा त्यातच भागतो.

रूम घेऊन राहणाऱ्यांसाठी तर हिशोब आणखी सोपा आहे. चार रूम पार्टनरमध्ये ४७१ रुपये म्हणजे डोक्याला ११८ रुपये. अडचण फक्त भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी मिळवण्याची!

टीव्ही बदलला की वायर येते

घरात हा विषय कधी निघतो? वेबसिरीजमुळे क्वचितच. तो निघतो नवा टीव्ही आला की. दुकानात आता साधा टीव्ही शोधून सापडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठा पडदा भिंतीवर लागला की फोनच्या हॉटस्पॉटवर तो चालवणं म्हणजे तांब्याने हौद भरण्यासारखं होतं. मग वायरची चौकशी सुरू होते.

चौकशी होते ती गल्लीतल्या केबलवाल्याकडेच. नव्वदच्या दशकात झाडांवरून, गच्च्यांवरून वायरी टाकत त्याने आपल्याला शंभर वाहिन्या दाखवल्या. पुढे डिशने त्याचा धंदा खाल्ला. आता तोच फायबर जोडून देतो, राउटर बसवतो, महिन्याला पैसे न्यायला येतो आणि नेट बंद पडलं की रात्री दहा वाजता फोनही उचलतो. घरोघरी ब्रॉडबँड पोहोचवण्याचं खरं काम अशा छोट्या माणसांच्या जिवावर चाललंय.

डिशवरून लोक कमी होत आहेत हेही खरं. डिसेंबर २०२० मध्ये पैसे भरून डीटीएच बघणारे सुमारे ७ कोटी १० लाख होते. २०२४ संपेपर्यंत ते सहा कोटींच्या खाली आले. पण हे सगळे स्ट्रीमिंगकडे गेले असं समजायचं कारण नाही. अनेकजण दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’कडे वळले. एकदा छत्री बसवली की महिन्याला एक रुपयाही द्यायचा नाही. अशी साडेचार कोटींहून जास्त घरं असल्याचे उद्योगाचे अंदाज आहेत. म्हणजे स्ट्रीमिंगची स्पर्धा महागड्या डिशशी आहे तशीच फुकटशीही आहे.

मधली भिंतही विरघळते आहे. बीएसएनएलने २०२४ मध्ये आणि एअरटेलने मार्च २०२५ मध्ये ब्रॉडबँडच्या वायरीतूनच टीव्हीच्या वाहिन्या द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या ‘इफ्फी’त प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे स्वतःचं ओटीटी आणलं. उद्या आजीची मालिका वायरीतूनच येत असेल आणि आजीला त्याचा पत्ताही नसेल. एखादी गोष्ट सर्रास होते ती अशी, कुणाच्या लक्षात न येता.

ज्यांच्यापर्यंत वायर जात नाही त्यांच्यासाठी डबा आहे. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला ‘एअरफायबर’ आणलं. गच्चीवर एक डबा लावायचा, तो टॉवरकडून फाइव्ह-जी सिग्नल घेतो आणि घरात वाय-फाय देतो. २०२५ च्या मध्यापर्यंत फाइव्ह-जीवर चालणारी अशी कनेक्शन्स ७५ लाखांच्या पुढे गेली. खोदकाम नाही, परवानग्यांची रांग नाही. पण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. गल्लीत पाच डबे आहेत तोवर मजा आहे. पन्नास झाले आणि सगळे रात्री नऊला बसले, तर गाडी हळू होणार. ही सोय फायबरची जागा घेईल असं वाटत नाही. फायबर येईपर्यंतचा पूल म्हणून मात्र ती भक्कम आहे.

सगळे एकदम बघायला बसले तर?

डिश आणि स्ट्रीमिंगमधला मूळ फरक इथे कळतो. डिशचा सिग्नल पावसासारखा असतो. एक घर भिजलं काय आणि दहा कोटी घरं भिजली काय, ढगाला फरक पडत नाही. स्ट्रीमिंग नळासारखं आहे. प्रत्येक बघणाऱ्याला वेगळी धार द्यावी लागते. ५ कोटी ९० लाख लोक बघत होते म्हणजे तितक्या धारा एकाच वेळी सुरू होत्या.

हे निभतं कारण व्हिडिओच्या प्रती आधीच ठिकठिकाणच्या, आपल्या जवळच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. लाइव्ह मॅचही तिथूनच पुढे वाटली जाते. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून ते पाठवले जातात. नेट हळू झालं की पुढचा तुकडा कमी दर्जाचा येतो, म्हणून मधेच चेहरे धूसर होतात. शेजाऱ्याची सिक्स आधी दिसते तीही या तुकड्यांमुळेच.

मार्च २०२० मधला एक निर्णय यासंदर्भात आठवण्यासारखा आहे. लॉकडाऊनमध्ये अख्खा देश नेटवर आला, तेव्हा नेटफ्लिक्स, यूट्यूब, हॉटस्टार अशा कंपन्यांनी काही आठवडे व्हिडिओचा दर्जा ४८०पीवर उतरवायचं ठरवलं. पण तो फक्त मोबाइल नेटवर्कवर. ताण कुठे येतो हे त्यांना ठाऊक होतं. देशाची सगळी व्हिडिओची भूक एकट्या टॉवरवर टाकायची, तर ती एचडी-फोर-केपर्यंत पोहोचणं कठीण.

जेसीबी आणि लाइट

गावाकडचं चित्र वेगळं आहे. गावोगावी फायबर न्यायची ‘भारतनेट’ योजना २०११ मध्ये मंजूर झाली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत जायचं ठरलं होतं. बहुतेकांपर्यंत फायबर पोहोचलंही. पण ग्रामपंचायतीच्या कपाटातलं यंत्र आणि त्याच गावातलं घर यांच्यातलं अर्ध्या किलोमीटरचं अंतर राहूनच गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा नवा आराखडा मंजूर केला. त्यात गावातल्याच तरुणांना उद्योजक म्हणून हाताशी धरून घरोघरी कनेक्शन द्यायचं ठरलं. कल्पना केबलवाल्याचीच आहे, सरकारी शिक्क्याची. आणि म्हणूनच ती चालण्याची शक्यता जास्त वाटते.

खरी परीक्षा मात्र वायर टाकून झाल्यावर सुरू होते. रस्त्याचं काम निघतं, जेसीबी येतो, फायबर तुटते आणि तीन गावं अंधारात जातात. हे इतकं नित्याचं आहे की मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारला खोदण्याआधी कळवा असं सांगणारं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढावं लागलं. दुसरी अडचण लाइटची. लाइट गेले की राउटर बंद, फोन मात्र चालू. ज्या गावात रोज चार तास लाइट जातात, तिथला माणूस ब्रॉडबँडवर भरवसा कसा ठेवणार?

पाइपही त्यांचा, पाणीही त्यांचं

आता थोडं कटू बोलू. जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या काळासाठी आयपीएलच्या हक्कांचा लिलाव झाला. भारतातले डिजिटल हक्क वायकॉम१८ ने सुमारे २३,७५८ कोटींना घेतले आणि टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना. डिजिटल पहिल्यांदाच टीव्हीच्या वर गेलं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही घराणी रिलायन्सच्या छत्राखाली एकत्र आली आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘जिओहॉटस्टार’ सुरू झालं. देशातलं सगळ्यात मोठं मोबाइल नेटवर्क ज्या समूहाचं, सगळ्यात लाडकी क्रिकेट स्पर्धाही त्याच समूहाकडे.

आज याचा फायदा आपल्याला स्वस्त पॅकमध्ये दिसतो. नेटबरोबर ओटीटी ‘फुकट’ मिळतं. पण जुलै २०२४ ची दरवाढ आठवा. सवय लागल्यावर दर वाढतात, हा धंद्याचा नियमच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘ट्राय’ने कोणती साइट बघतो त्यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावायला मनाई केली. त्यामागे ‘फ्री बेसिक्स’विरोधात तरुणांनी पाठवलेल्या लाखो ईमेल्सचा रेटा होता. तो नियम अजून आहे. तो टिकवायची जबाबदारी आता आपल्या पिढीवर आहे. सोसायटीतही हेच लागू होतं. एकाच कंपनीला आत येऊ देणाऱ्या कमिटीला ‘दुसरी का नको?’ हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारायला हवा.

मग होणार का?

होणार. पण सगळीकडे एकाच वेगाने नाही. मोठ्या शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी टीव्ही बदलत जाईल तशी वायर येत जाईल. तालुक्यांत आधी गच्चीवरचा डबा येईल, मग फायबर. खेड्यांत सगळं काही दुरुस्तीवर अवलंबून असेल. तुटलेली वायर दोन तासांत जोडली जाते की दोन आठवड्यांत, यावर तिथलं उत्तर ठरेल. आणि फोन कुठेही जाणार नाही. तो ट्रेनमधला, बसमधला, पांघरुणातला पडदा म्हणून राहणारच आहे.

पण या प्रश्नाकडे फक्त करमणूक म्हणून बघू नका. एकाच वर्गात दोघी शेजारी बसतात. एकीच्या घरी वाय-फाय आहे. ती ‘एनपीटेल’चं लेक्चर दोनदा बघते, कळलं नाही तर तिसऱ्यांदा बघते. दुसरी दीड जीबी पुरवून पुरवून वापरते, लेक्चर १४४पीवर लावते आणि फळ्यावरची अक्षरं अंदाजाने वाचते. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो भावाकडे असेल, तर तिला तेही नाही. सरकारने २०१७ मध्ये ‘स्वयं’बरोबरच ‘स्वयंप्रभा’च्या ३२ शैक्षणिक वाहिन्या डिशवर का सुरू केल्या, याचं उत्तर इथे आहे. ज्या घरांत नेट नाही, त्या घरांत टीव्ही होता. पण टीव्ही थांबवता येत नाही आणि मागे घेता येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री लेक्चर हवं तिथून लावता येत नाही.

खिशातलं नेट एकाचं असतं, भिंतीवरचं राउटर सगळ्यांचं. ज्या घरात कुणाला फोन मिळतो आणि कुणाला नाही हे अजून वयावर आणि मुलगा-मुलगी असण्यावर ठरतं, त्या घरात हा फरक लहान नाही. तेव्हा घरात हा विषय काढाल, तेव्हा वेबसिरीजचं नाव घेऊ नका. चार रिचार्जचा हिशोब कागदावर मांडा आणि बहिणीच्या लेक्चरचं सांगा. त्या कागदाला ‘नाही’ म्हणणं बाबांना जड जाईल.